जिभेखालची गोळी आणि मामांची मीटिंग

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष माझ्यापेक्षा जाणकार आहेत. एक माझी बायको. ती मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी ओपीडी चालवते. त्याआधी काही वर्षं मुंबईत होती आणि तिथे गर्द घेणाऱ्यांच्या केंद्रावर तिनं काम केलंय. दुसरे तिचे मामा. वीसेक वर्षांपूर्वी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे 'एए'च्या, मीटिंगांना बसून त्यांनी दारू सोडली आणि आता ते एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहेत. एरवी दोघांचं नातं मायेचं. पण जेवणानंतर मामांनी अडकित्ता हातात घेतला आणि हा विषय निघाला, की कोणी कोणाला सोडत नाही. खाली आहे ते अशाच एका वादाचं टिपण. छापण्याआधी दोघांनी वाचलं. मामांनी अट घातली, "जावईबापू, माझी बाजू पडती दाखवायची नाही." ती मला पूर्णपणे पाळता आलेली नाही.

मामा : तुझ्याकडचा एक पेशंट परवा आमच्याकडे ॲडमिट झाला. बॅगेत कपड्यांचे दोन जोड आणि गोळ्यांची अख्खी पिशवी. म्हटलं, बाबा, हे काय? म्हणाला, दारू सोडायची औषधं. मी विचारलं, दारू तू सोडणार आहेस की या गोळ्या?

भाची : आणि तो बिचारा गप्प बसला असेल. मामा, त्या पिशवीत निम्म्या गोळ्या व्हिटॅमिन बी-वनच्या असतात. एक थरथर आणि झोपेसाठी असते, तिचा डोस रोज उतरवत आठ-दहा दिवसांत बंद करतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मामा : नकोच. तिसऱ्या रात्री काय होतं ते मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. माणूस पांघरुणावरचे मुंगळे वेचायला लागतो आणि पांघरुणावर एकही मुंगळा नसतो. हवेत दोरा धरून ओढत बसतो. बायकोला ओळखत नाही. आमच्याकडे एकाला फिट आली, जीभ चावली गेली. डिटॉक्सच्या औषधांना माझा कधीच विरोध नव्हता. ते आठ-दहा दिवस तुमचे. त्यापुढे तो आमचा.

भाची : इथेच तर भांडण आहे. त्यापुढे तुमचा आणि फक्त तुमचा, असं का? थरथर थांबली, जेवण जायला लागलं, की घरचे म्हणतात सुटला. पण तीन महिन्यांनी पगाराच्या दिवशी बारवरून जाताना जी ओढ लागते, तिच्यावरही औषधं आहेत. ती देऊ नका, असं का म्हणता?

मामा : कारण त्या जातीचं एक औषध मी स्वतः खाल्लंय. म्हणजे मला खायला घातलंय.

(ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. तरी मामा ती दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगतात आणि आम्हीही तशीच ऐकतो.)

मामा : तुझ्या मामीनं कुठल्याशा मेडिकलमधून एस्पेरालची गोळी आणली, कुटून आमटीत घातली. चार दिवस घालत होती. मला पत्ता नाही. पाचव्या दिवशी मी नेहमीच्या जागी बसलो आणि नव्वदचा पहिला पेग पोटात गेला. दहा मिनिटांत कानशिलं तापली. तोंड लालभडक. छातीत असं धडधडायला लागलं की समोरच्याला शर्टावरून दिसावं. मग उलट्या, मग दरदरून घाम आणि डोळ्यांपुढे अंधार. मला वाटलं, हार्ट अटॅक. रिक्षात घालून नेलं, सलाइन लावलं. दोन दिवसांनी घरी आलो, मामी रडत होती, तिनं सगळं सांगितलं. आणि मी काय केलं? घरचं जेवण सोडलं! दारू नाही सोडली. वर्षभर खाणावळीत जेवून पीत होतो.

भाची : तुम्ही वाचलात हे नशीब. रक्तदाब आणखी उतरला असता किंवा हृदय आधीच कमजोर असतं, तर सलाइनपर्यंत पोचला नसता. पण यात औषधाचा काय दोष? ते ज्या पद्धतीनं दिलं ती पद्धत चूक, आणि त्यासाठी मी मामीलाही बोल लावणार नाही. चिठ्ठीशिवाय गोळी देणारा तो दुकानदार समोर आला तर मात्र लावीन.

त्या औषधाचं नाव डायसल्फिराम. एस्पेराल हा ब्रँड. रबराच्या धंद्यात ही जातकुळी आधीपासून वापरात होती. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं, की या रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. पुढे डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघं ते जंतांवर चालतंय का बघत होते. स्वतःच गोळ्या घेऊन बघायची त्यांची सवय. मग मेजवानीत थोडी घेतली की तोंड लाल, डोकं जड, पोटात ढवळतंय. सूत जुळलं आणि १९४८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग यकृत ते लगेच पुढे निरुपद्रवी करून टाकतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. ॲसिटाल्डिहाइड साचतं आणि तुम्ही सांगितलंत ते सगळं होतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतसुद्धा होऊ शकतं. खोकल्याच्या औषधातली दारूही पुरते.

मामा : म्हणजे शिक्षाच ना? विजेचा झटका द्यावा तशी.

भाची : शिक्षा नाही, शिक्षेची भीती. फरक मोठा आहे. गंमत बघा : पेशंटला आपल्याला खरी गोळी मिळतेय की खोटी हे कळू न देता जे अभ्यास झाले, त्यांत डायसल्फिरामचा उपयोग जवळपास दिसतच नाही. ज्या अभ्यासांत माणसाला माहीत होतं, आणि दुसऱ्या कोणाच्या देखत तो रोज गोळी घेत होता, तिथे चांगला उपयोग दिसतो. कारण काम गोळी करत नाही. 'आज पोटात गोळी आहे, आज पिता येणार नाही' हे माहीत असणं काम करतं. मग नकळत आमटीत घालून काय साधणार? भीती उरली नाही, उरलं फक्त विष.

हा मुद्दा मला नवीन होता. आपल्याकडे भिंतींवर आणि पेपरांच्या छोट्या जाहिरातींमध्ये 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' हे वाक्य इतकं डोळ्यांखालून जातं, की त्यातला 'नकळत' हा शब्दच गिऱ्हाईक आणतो हेही कळतं. कंटाळलेल्या बायकोला नवऱ्याशी पुन्हा एक भांडण नको असतं. पुडीत नेमकं काय असतं, हे विकणाराही सांगत नाही.

मामा : बरं, भीतीचं औषध झालं. दुसरी कोणती?

भाची : नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट. यांत भीती नाही, उलटी नाही. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, नाल्ट्रेक्झोन तसं आहे. दारू प्यायल्यावर मेंदूत शरीराचीच अफूसारखी रसायनं सुटतात आणि ठरावीक जागांवर जाऊन बसतात. त्यातून ती 'वाहवा' येते. नाल्ट्रेक्झोन त्या जागांवर रुमाल टाकून ठेवतं. स्वतः बसत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही. माणूस प्यायला तरी त्याला पूर्वीची मजा येत नाही, आणि हळूहळू ओढ कमी होते. पन्नास मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून एकदा. अमेरिकेत १९८४ साली ती अफूच्या व्यसनासाठी मान्य झाली आणि १९९४ साली दारूसाठी.

मामा : फिनलंडमध्ये म्हणे पिण्याच्या तासभर आधी ही गोळी घ्यायला सांगतात, आणि मग खुशाल प्या! आमच्या एका पेशंटनं मोबाइलवर दाखवलं. पीत पीत दारू सोडायची! उद्या म्हणाल, उपास करायचा तर भरपेट साबुदाण्याची खिचडी खाऊनच.

भाची : उपासाला लोक तेच करतात, मामा. ती सिंक्लेअर यांची पद्धत. सगळ्यांना मी ती सांगत नाही. पण ज्याला आज 'पूर्ण बंद' हे शब्द ऐकूनच पळून जावंसं वाटतं, त्याला रोजच्या आठ पेगवरून दोनवर आणलं, तर त्याचं यकृत मला दुवा देतं. आणि दोनवर आलेला माणूस पुढे शून्यावर यायला तयार होतो, असंही मी बघते.

दुसरं अकॅम्प्रोसेट. दारू सोडल्यावर कित्येक महिने जी बेचैनी राहते, झोप तुटते, उगाच चिडचिड होते, ती ते शांत करतं. दिवसातून तीनदा घ्यावं लागतं हीच अडचण. पण यकृतावर त्याचा भार पडत नाही, मूत्रपिंडातून ते बाहेर जातं. ज्यांचं यकृत गेलंय त्यांच्यासाठी बॅक्लोफेनही वापरतो. ते मुळात स्नायूंच्या ताठरपणाचं औषध. पॅरिसमध्ये राहणाऱ्या ओलिव्हिए अमेझेन नावाच्या हृदयरोगतज्ज्ञानं स्वतःची दारू त्यावर सोडवली आणि २००८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

मामा : नावं झाली. आता आकडा सांग. शंभरातले किती सुटतात?

भाची : हा प्रश्न तुम्ही विचारणार हे माहीत होतं. २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. अकॅम्प्रोसेट बारा जणांना दिलं, तर जो एरवी पुन्हा प्यायला असता असा एक माणूस पिण्यापासून वाचतो. नाल्ट्रेक्झोनच्या गोळीला त्यासाठी वीस जण लागतात. बेसुमार पिण्याकडे वळणं थांबवायचं म्हटलं, तर नाल्ट्रेक्झोनचाही आकडा बारा येतो.

मामा : (अडकित्ता खाली ठेवून) बारातला एक! आणि यासाठी एवढा आटापिटा?

भाची : बाकीचे अकरा फुकट गेले असा त्याचा अर्थ नाही. त्यातले काही गोळीशिवायही सुटणार होते, काही गोळी घेऊनही पिणार होते. गोळीनं एक जादा माणूस मिळवला. आम्ही डॉक्टर रोज जी औषधं लिहितो त्यांतल्या कितीतरींचा आकडा याहून वाईट आहे. आणि मी तुमची बाजूही सांगते, कारण तुम्हाला ती माहीत नाही. २०२० मध्ये कॉक्रेनचा आढावा आला. सत्तावीस अभ्यास, दहा हजारांवर माणसं. पद्धतशीरपणे एएकडे वळवलेले लोक वर्षभरानं पूर्ण कोरडे असण्याचं प्रमाण इतर बोलून करायच्या उपचारांपेक्षा जास्त निघालं.

मामा : बघ!

भाची : तुलना इतर समुपदेशनाशी होती, गोळ्यांशी नव्हती. पण हो, बघ.

(हे वाक्य ठळक अक्षरांत छापावं अशी सूचना आली होती.)

मामा : मग मी इतकी वर्षं काय म्हणतोय? गोळी माणसाला गप्प करते, बदलत नाही. दारू सुटली तरी तो खोटं बोलणारा, उधारी बुडवणारा, पोरांवर हात उगारणारा राहतोच. आम्ही त्याला कोरडा दारुडा म्हणतो. मीटिंगमध्ये तो उभा राहतो, नाव सांगतो, 'मी दारुडा आहे' म्हणतो. आपण काय काय केलं ते चारचौघांत सांगतो. ज्यांचं नुकसान केलं त्यांची माफी मागायला जातो. हे कुठल्या गोळीत आहे? मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काय गोळ्यांवर उभं राहिलं?

भाची : मुक्तांगण उभं राहिलं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टरच्या हातून. डॉ. अनिता अवचट. १९८६ साली, त्याच रुग्णालयाच्या आवारात. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसे दिले, हे तुम्हाला पाठ आहे. पण अवचटांच्या बायकोकडे वैद्यकशास्त्र होतं, हे तुम्ही नेहमी विसरता. तिथे डॉक्टर आणि दारू सोडलेला कार्यकर्ता एकाच छपराखाली होते. गोळी हवी की गट हवा, हे भांडण त्यांनी घातलंच नाही.

आणि माणूस बदलायचा तर त्यानं मीटिंगला तरी यायला हवं. ओढ इतकी की तो मीटिंगच्या रस्त्यावरूनच परत फिरतो. गोळीनं त्याला तुमच्या खुर्चीपर्यंत आणून सोडलं तर तुमचं काय बिघडतं?

मामा : बिघडत काही नाही. पण तुमची ओपीडी मी बघितली आहे. पाच मिनिटं. 'झोप येते का? भूक लागते का? गोळ्या चालू ठेवा.' बायको शेजारी बसून रडत असते, तिच्याकडे बघायला वेळ नाही. तिला वाटतं, डॉक्टर लिहून देतात म्हणजे गोळीतच सगळं आहे. मग गोळी चुकली की ती स्वतःला दोष देते.

भाची : हे खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

इथे दोघंही थोडा वेळ गप्प होते. मला वाटलं, मिटलं. पण मामांनी गर्दचा विषय काढला, आणि माझ्या मते खरा वाद तिथूनच सुरू होतो. दारूच्या बाबतीत दोघांत अंतर आहे ते किती गोळी आणि किती मीटिंग एवढंच. गर्द, अफू, हेरॉइन यांच्या बाबतीत मात्र एकाचं बरोबर असेल तर दुसऱ्याचं ऐकून माणूस मरू शकतो.

मामा : दारूचं एक वेळ सोड. पण गर्दवाल्या पोरांना तुम्ही जे करता ते मला अजिबात पटत नाही. पोरगा गर्द ओढतो, तुम्ही त्याला ब्युप्रेनॉर्फिन देता. तेही अफूच्याच कुळातलं! पोलिसांनी पकडलं की नशा, डॉक्टरनं दिलं की उपचार? वर्षानुवर्षं रोज जाऊन गोळी घ्यायची. आमच्याकडं या. दहा दिवस टर्की काढा, अंग मोडेल, नाक वाहील, उलट्या-जुलाब होतील, मरत नाही कोणी त्यानं. मग सहा महिने राहा. स्वच्छ बाहेर पडा.

भाची : टर्कीनं सहसा मरत नाही, हे खरं. मरतात ते स्वच्छ बाहेर पडल्यावर. मामा, हे एकच वाक्य लक्षात ठेवा. सहा महिने काही घेतलं नाही की शरीराची सवय जाते. बाहेर आल्यावर जुना मित्र भेटतो, एकदाच म्हणून पूर्वीइतकंच मारतो. पूर्वी जे पचायचं त्यानं आता श्वास थांबतो. मुंबईत माझ्या केंद्रावर एक पोरगा होता, लोकलमध्ये पेनं विकायचा. रोज यायचा. नर्स गोळी कुटून त्याच्या जिभेखाली ठेवायची, तो बाकावर पाच-सात मिनिटं तोंड मिटून बसायचा, मग तिच्यासमोर आ करून जीभ वर उचलून दाखवायचा आणि धंद्याला जायचा. दोन वर्षं सुई नाही, चोरी नाही. घरच्यांना वाटलं, ही गोळी कधी सुटणार? गावाकडच्या एका केंद्रात टाकला. तिथून पाच महिन्यांनी हार घालून, टाळ्या वाजवून सोडला. मुंबईत आल्यावर आठवडा काढला नाही त्यानं.

मामा : ...तशी दोन पोरं आमच्याकडचीही आहेत.

भाची : मला माहीत आहे. म्हणून बोलते. २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सगळ्या मोठ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब आला. मेथाडोन या त्याच कुळातल्या औषधावर असलेल्यांत वर्षाला हजारी सुमारे अकरा मृत्यू, आणि उपचार सोडलेल्यांत छत्तीस. ब्युप्रेनॉर्फिनवर हजारी चार, सोडल्यावर साडेनऊ. फ्रान्सनं नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली आणि चार-पाच वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे चार पंचमांश कमी झाले. बारातला एक म्हणून हसलात ना? इथले आकडे मरण्याजगण्याचे आहेत.

मामा : पण नशेला नशा...

भाची : रुमाल आठवा. मेथाडोन हा त्याच जागेवर ऐसपैस बसणारा प्रवासी, पण सावकाश चढणारा आणि दिवसभर न उठणारा. त्यामुळे चढउतार नाही. ब्युप्रेनॉर्फिन त्या जागेवर अर्धवटच टेकतं, पण घट्ट. दुसऱ्याला बसू देत नाही आणि ठरावीक मर्यादेपलीकडे स्वतःही चढत नाही. म्हणून टर्की लागत नाही आणि झिंगही येत नाही. पोरगा रिक्षा चालवतो, लग्न करतो. त्याला 'नशेत' म्हणायचं कशावरून?

मामा : मग पंजाबात ती गोळी बाहेर का विकली जाते? आणि मला जुनं आठवतं. नव्वदच्या आसपास याच औषधाचं इंजेक्शन मेडिकलमधून घेऊन पोरं शिरेत मारायची, ॲव्हिल मिसळून. दिल्ली, कोलकाता, मुंबई, सगळीकडे. तुमचंच औषध!

भाची : आमचंच. दुकानातून मोकळं मिळत होतं म्हणून. म्हणून तर मुंबईच्या केंद्रावर ते आमच्या डोळ्यांसमोर जिभेखाली द्यायचो. म्हणून गोळीत नालोक्झोन मिसळतात. जिभेखाली ते काही करत नाही, पण कुटून शिरेत मारलं तर टर्की लावतं. पंजाबनं २०१८ मध्ये गावोगाव केंद्रं काढली. तिथे गळती होते, नाकारत नाही. पण विकत घेणारा बहुतेक वेळा नशेसाठी नाही, टर्की टाळायला घेतो. कारण त्याला केंद्रावर यायची लाज वाटते किंवा केंद्र लांब आहे. गळती थांबवायची तर केंद्रं वाढवायला हवीत.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, तुमच्याच घरातली. मेथाडोनचा उपचार न्यूयॉर्कला रॉकफेलर संस्थेत सुरू झाला. व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वँडर. १९६५ साली बावीस पेशंटांवरचा पहिला लेख. हे डोल पुढे एएचे विश्वस्त झाले, दारुडे नसलेल्या विश्वस्तांपैकी एक. डोलनी स्वतः लिहून ठेवलंय, की एएचे एक संस्थापक बिल डब्ल्यू. यांनी अखेरच्या काळात त्यांच्याकडे आग्रह धरला होता : हेरॉइनवाल्यांसाठी मेथाडोन शोधलंत, तसं आमच्या दारुड्यांसाठीही काही शोधा. जे मीटिंगमधून गळून जातात, त्यांच्यासाठी.

मामा : बिल डब्ल्यू. असं म्हणाले?

भाची : डोल तसं सांगतात.

मामा : (बऱ्याच वेळानं) बिल गोळ्यांच्या विरोधात नव्हते हे मी ऐकलं होतं. आमच्या पत्रकातही आहे, एएच्या माणसानं डॉक्टरकी करू नये, कोणाची औषधं बंद करू नयेत म्हणून. पण मला सांग, जिभेखाली गोळी चालू असलेला पोरगा मीटिंगला आला. वर्ष झालं. त्याचा सोबर बर्थडे करायचा का? शेजारी बसलेला, एकही गोळी न घेता वर्ष काढलेला, त्याला काय वाटेल?

भाची : नार्कोटिक्स अनॉनिमसच्या काही गटांत त्याला बसू देतात, पण बोलू देत नाहीत. तुम्हीही तेच करणार?

मामा : बोलू देईन. केकचं अजून ठरत नाही.

भाची : तो केक मागायला येणार नाही मामा. त्याला खुर्ची द्या. आणि गोळी कधी सोडणार, हे दर आठवड्याला विचारू नका.

वाद इथे संपला नाही, पण माझं टिपण इथे संपतं. आता माझं मत, कारण दोघांनीही ते विचारलेलं नाही.

दारूच्या बाबतीत मामा अर्धे बरोबर आहेत. मीटिंग फुकट आहे, गावोगाव आहे, आणि तिचा उपयोग मोजून सिद्ध झालेला आहे. पण औषध 'नको' म्हणण्याची चैन ज्यांना औषध मिळतं त्यांनाच परवडते. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात आढळलं, की दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच कधी काही उपचार मिळालेला आहे. नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट यांना जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं, तरी आमच्या गावातल्या दुकानात त्या गोळ्या दोन दिवस आधी सांगून मागवाव्या लागतात. एस्पेराल मात्र काउंटरखाली असतं.

गर्दच्या बाबतीत मामा चूक आहेत आणि ते चूक असणं महाग पडतं. त्यांना हे आता कळलेलंही आहे, केकचं सोडून.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे, त्यांना एवढंच सांगायचं. रोज पिणाऱ्याला घरच्या घरी एका रात्रीत दारू तोडायला लावू नका. आधी डॉक्टरला दाखवा, तिसरी रात्र धोक्याची असते. जेवणात नकळत काहीही घालू नका. डॉक्टरकडे नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेटची नावं घेऊन विचारा, आणि गोळी सुरू झाली तरी मीटिंगचा पत्ता शोधून ठेवा. घरातलं कोणी अफूच्या व्यसनासाठी जिभेखालची गोळी घेत असेल, तर ती केव्हा बंद करायची हे त्याला आणि त्याच्या डॉक्टरला ठरवू द्या. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत.